दर उन्हाळ्यात सोमवारी सकाळीच पेशी मेलेल्या का सापडतात?

होळी झाली, घराघरांत कूलर लागले, की नागपुरातल्या पेशी-संवर्धनाच्या, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवणाऱ्या, प्रयोगशाळांमधून एकच तक्रार कानावर येऊ लागते. शुक्रवारी संध्याकाळी इन्क्युबेटरमधल्या, म्हणजे पेशींना ३७ अंशांची ऊब देणाऱ्या पेटीतल्या, फ्लास्कचा तळ पेशींनी छान भरलेला असतो. सोमवारी सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली धरावं तर निम्म्याहून जास्त पेशी गोल होऊन तरंगत असतात आणि उरलेल्या आक्रसून कशाबशा तळाला चिकटून असतात. मीडियम (पेशी ज्यात वाढतात तो पोषक द्रव) मात्र स्वच्छ, गढूळपणा नाही की बुरशीचा धागा नाही. मग गोठवलेल्या पेशींची नवीन व्हायल (कुपी) काढायची, पुन्हा वाढवायची. पंधरा-वीस दिवस सगळं सुरळीत चालतं आणि पुन्हा एखाद्या सोमवारी तोच प्रकार. जूनच्या उत्तरार्धात पाऊस स्थिरावला की त्रास आपोआप थांबतो, आणि पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्याचा विषय निघत नाही.

या काळात मीडियममध्ये घालायच्या सिरमचा (रक्तद्रवाचा) लॉट बदलला जातो. पेशी तळापासून सोडवणारं ट्रिप्सिन जुनं होतं का, अँटिबायोटिक कमी पडलं का, याची चर्चा होते. आणि शेवटी दोष येतो तो काम करणाऱ्या मुलीच्या किंवा मुलाच्या हातांवर. "तुझं अॅसेप्टिक टेक्निक कच्चं आहे", म्हणजे जंतू शिरू न देता काम करणं तुला जमत नाही, हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्याचा राग येतो. पीएचडीच्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याचे महिने यात जातात, वर आत्मविश्वास जातो तो वेगळाच. माझं म्हणणं सरळ आहे: पेशी दर उन्हाळ्यात आणि सुट्टीनंतरच मरत असतील, तर हात तपासण्याआधी खोली तपासा. बहुतेक वेळा गुन्हेगार खोलीचं तापमान असतं.

आधी खात्री करा की हे कंटॅमिनेशन (जंतूंचा शिरकाव) नाही

फरक ओळखणं अवघड नाही, फक्त सगळे फ्लास्क एकत्र पाहावे लागतात. जिवाणू शिरले असतील तर मीडियम गढूळ होतं, रंग पिवळा पडतो, आणि बहुधा एकाच बाटलीतून मीडियम घेतलेल्या फ्लास्कांना फटका बसतो. बुरशी एखाद-दुसऱ्या फ्लास्कात दिसते, शेजारचा बरेचदा धडधाकट असतो. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचं वागणं वेगळं. तो साध्या सूक्ष्मदर्शकाला दिसत नाही, त्याला पेशीभित्तिका नसल्यामुळे पेनिसिलिन त्याचं काही वाकडं करू शकत नाही, आणि तो पेशी एका रात्रीत मारत नाही. वाढ आठवडेच्या आठवडे मंदावत नेतो. त्याची शंका असेल तर पीसीआर करून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

उष्णतेचा फटका यातल्या कशासारखाच दिसत नाही. इन्क्युबेटरमधल्या सगळ्या पेशी एकदम आजारी पडतात. कोणी हेला (कर्करोगाच्या पेशी) वाढवत असेल, कोणी फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतीच्या पेशी), कोणी मुतखड्यावरच्या कामासाठी मूत्रपिंडाच्या पेशी. बाटल्या वेगळ्या, हात वेगळे, पॅसेज (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्या) वेगळे, तरी सगळ्यांचं एकाच सोमवारी बिघडतं. पेशींच्या कडेला फुगे आल्यासारखे दिसतात. वरच्या आणि खालच्या शेल्फवरच्या फ्लास्कांत थोडा फरकही आढळतो. आणि दुसऱ्या खोलीतल्या इन्क्युबेटरमध्ये त्याच पेशी मजेत असतात. ही शेवटची खूण सगळ्यात मोलाची आहे, म्हणून एकाच पेशींचे दोन फ्लास्क दोन खोल्यांत ठेवण्याची सवय उन्हाळ्यात तरी लावून घ्या.

इन्क्युबेटर फक्त तापवतो

सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. आपल्याकडचे बहुतेक कार्बन डायऑक्साइड इन्क्युबेटर (मीडियमची आम्लता टिकावी म्हणून यांत हा वायू सोडतात) तापमान ३७ अंशांवर राखतात ते केवळ हीटर चालू-बंद करून. त्यांच्यात थंड करण्याची सोय नसते. गोधडी थंडी अडवते, ऊन काढून टाकत नाही. हे यंत्र तसंच आहे. भर म्हणून आतल्या पंख्याची मोटर, दाराचा हीटर आणि इलेक्ट्रॉनिक्स यांची स्वतःची उष्णता असतेच. म्हणून यंत्रासोबतच्या पुस्तिकेत लिहिलेलं असतं की खोलीचं तापमान ठरवलेल्या तापमानापेक्षा साधारण ५ अंशांनी कमी असलं पाहिजे. ती ओळ कोणी वाचत नाही, कारण जिथे ही यंत्रं घडली त्या देशांत ती वाचण्याची गरजच पडत नाही.

हिशोब मांडून पाहा. खोली २५ अंशांवर असेल तर हीटरला भरपूर वाव आहे. खोली ३२ वर गेली की यंत्र काठावर आलं. खोली ३६ झाली की हीटर पूर्ण बंद असूनही आत ४० ते ४१ अंश होणार, आणि यंत्र त्याबाबतीत काहीही करू शकणार नाही. जास्त तापमानाचा सुरक्षा कटआउटही इथे उपयोगाचा नाही, कारण तो हीटर तोडतो, आणि हीटर तर आधीच बंद आहे.

ऊतींचं संवर्धन पहिल्यांदा जमलं तेव्हा हा प्रश्नच नव्हता. रॉस हॅरिसन यांनी १९०७ साली बेडकाच्या भ्रूणातला चेतातंतू शरीराबाहेर, लसिकेच्या थेंबात वाढताना दाखवला. बेडूक शीतरक्ताचा प्राणी, त्याच्या ऊतीला खोलीचं तापमान चालतं. उष्णरक्ताच्या प्राण्यांच्या आणि माणसाच्या ऊती वाढवायच्या ठरल्यावर तापत्या पेटीची गरज पडली, आणि तिच्याबरोबर तिची ही मर्यादाही आली.

एसीची वीज आणि इन्क्युबेटरची वीज

"पण आमच्याकडे जनरेटर आहे ना, मॅडम," असं एका संशोधक विद्यार्थ्यानं मला फोनवर सांगितलं. त्याच्या सगळ्या फ्लास्कांची वाट लागली होती आणि गाइडनं त्याला महिनाभर सिरम तपासायला लावलं होतं.

"जनरेटरवर काय काय आहे?" मी विचारलं.

"इन्क्युबेटर आहे, उणे ८० चा फ्रीझर आहे, हूड आहे."

"आणि एसी?"

तो थांबला. "विचारून सांगतो."

विचारलं तर इलेक्ट्रिशियन भाऊंनी सांगितलं, एसी जनरेटरवर घेतलेला नाही, तो आरामाच्या लोडमध्ये धरलाय. नागपुरात मी जितक्या ठिकाणी हे पाहिलंय तितक्या ठिकाणी चित्र थोड्याफार फरकानं असंच आहे. वीज गेली की इन्क्युबेटर आणि फ्रीझर जनरेटरवर जातात आणि चालू राहतात. एसी बंद पडतो. उणे ८० चा फ्रीझर आतली उष्णता बाहेर, त्याच खोलीत टाकत असतो, काहीशे वॅटचा हीटर चोवीस तास सुरू ठेवल्याप्रमाणे. खिडक्या अर्थातच बंद. वर गच्ची असेल तर दिवसभर तापलेला स्लॅब रात्री खोलीत उष्णता सोडतो. वीज तासाभरात परतते, पण पुष्कळ स्प्लिट एसी आपोआप सुरू होत नाहीत. रिमोटचं बटण दाबायला शनिवारी दुपारी कोण असणार?

त्या विद्यार्थ्याला मी दोन डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवणारी छोटी यंत्रं, ठेवायला सांगितलं. एक खोलीत इन्क्युबेटरच्या उंचीवर, दुसरा इन्क्युबेटरच्या आत. पुढच्या सुट्टीनंतर त्यानं आलेख पाठवला. शुक्रवारची रात्र सपाट: खोली २६ च्या आसपास, आत ३७. शनिवारी दुपारी खोलीची रेघ अचानक वर चढायला लागते. संध्याकाळपर्यंत ती ३६ ओलांडते आणि आतली रेघ तिच्यामागे चार-पाच अंशांचं अंतर राखून ४० च्या वर जाते. रविवारी पहाटे दोन्ही थोड्या खाली येतात, दुपारी पुन्हा वर. सोमवारी सकाळी नऊच्या सुमारास शिपाईकाका येऊन एसी लावतात, आणि खोलीची रेघ कोसळते. दुपार होईतो इन्क्युबेटरच्या पडद्यावर ठळक अक्षरांत ३७.०.

ही गोम लक्षात घ्या. विद्यार्थी पेशी बघायला येतो तेव्हा पुरावा पुसत आलेला असतो. यंत्र ठीक, खोली गार, मीडियम स्वच्छ. मग संशय माणसावर जातो.

पाण्याचं जॅकेट असलेल्या इन्क्युबेटरचं एक वेगळं दुखणं आहे. वीज गेली तर तो तासन्तास ऊब धरून ठेवतो, म्हणून आपण त्याचं कौतुक करतो. पण एकदा का तो ४१ वर गेला, की तेच पाणी तितकेच तास उष्णता धरून ठेवतं. खोली गार झाली तरी आतल्या पेशींची सुटका लगेच होत नाही.

एसी चालू असूनही खोली तापत असेल तर आऊटडोअर युनिट पाहा. एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश धरून. नागपुरात मे महिन्यात ४४-४५ ही नेहमीची गोष्ट, २०१३ च्या मे महिन्यात तर शहरानं ४७.९ ची नोंद पाहिली आहे. युनिट पश्चिमेच्या भिंतीवर असेल, त्याची जाळी धुळीनं भरली असेल, तर दुपारी तीनच्या सुमारास कॉम्प्रेसर दाब वाढून ट्रिप होतो आणि आतला पंखा मात्र फिरत राहतो. खोलीत उभं राहिलं तर एसी चालू आहे असंच वाटतं.

पेशींना नेमकं काय होतं

थंडीबद्दल पेशी बऱ्याच सहनशील असतात. २५ अंशांवर एक-दोन दिवस ठेवल्या तर वाढ मंदावते, इतकंच. उलट दिशेला मात्र त्यांना दोन अंशसुद्धा जड जातात. ३९ च्या वर काही तास गेले की नुकसान सुरू होतं, ४० च्या पुढे ते झपाट्यानं वाढतं. प्रथिनांच्या घड्या उकलायला लागतात, पटलं सैल होतात, पेशीचा सांगाडा कोसळतो, म्हणून ती गोल होऊन तळ सोडते.

कर्करोगावरच्या उष्णतोपचारासाठी केलेल्या अभ्यासांतून १९८४ साली एक ढोबळ नियम मांडला गेला, तो आपल्या कामाचा आहे. ४३ अंशांच्या खाली तापमान एका अंशानं उतरलं, की तितकाच परिणाम व्हायला चौपट वेळ लागतो. म्हणजे ४३ वर एका तासात जो मार बसतो, तो ४१ वर सोळा तासांत बसतो. शनिवार दुपारपासून रविवार सकाळपर्यंतचा वेळ मोजून पाहा.

मला जास्त काळजी वाटते ती मेलेल्या पेशींची नाही, वाचलेल्यांची. ३९ अंशांत दोन दिवस काढलेल्या पेशी सोमवारी जिवंत असतात, मेलेल्या पेशींना रंगवणारा ट्रायपॅन ब्लू त्यांना जिवंतच म्हणतो, आणि मंगळवारी आपण त्यांच्यावर औषधाचा प्रयोग लावतो. पण त्या पेशी आता उष्माघात-प्रथिनं बनवत असतात. ही प्रथिनं पेशीला इतर ताणांपासूनही वाचवतात, म्हणजे औषधाचा परिणाम कमी दिसू शकतो. हिवाळ्यातला निकाल आणि मे मधला निकाल जुळत नाही, आणि कारण सापडत नाही. गंमत अशी की या प्रतिसादाचा शोधच इन्क्युबेटर जास्त तापल्यामुळे लागला. इटलीत फेरुच्चो रितोसा फळमाशीच्या लाळग्रंथीतली गुणसूत्रं पाहत होते. कोणीतरी इन्क्युबेटरचं तापमान वाढवून ठेवलं होतं, आणि त्यांना गुणसूत्रांवर कधी न दिसलेले फुगवटे दिसले. १९६२ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्यांनी तापमान तपासलं म्हणून शोध लागला.

पडद्यावरचा आकडा पुरेसा नाही

मे २०२४ अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं ५६ अंश दाखवले आणि देशभर बातमी झाली. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की संवेदक बिघडला होता. खुल्या हवेतल्या केंद्राची ही गत होत असेल तर आपल्या इन्क्युबेटरचा संवेदक, जो कित्येक वर्षांत कोणी तपासलेला नाही, त्यावर डोळे मिटून विसंबणं बरोबर नाही.

तपासणी साधी आहे. प्रमाणित केलेला काचेचा तापमापक पाण्यानं भरलेल्या बाटलीत बुडवून मधल्या शेल्फवर ठेवा, रात्रभर राहू द्या, सकाळी दार उघडताक्षणी वाचा. बाटलीतलं पाणी यासाठी की दार उघडल्यावर हवेचं तापमान क्षणात पडतं, पाण्याचं नाही. आणि पेशीही पाण्यातच असतात. हे वरच्या आणि खालच्या शेल्फवरही करा. आणि कमाल-किमान दाखवणारा एक स्वस्त डिजिटल तापमापक खोलीत टांगा. शुक्रवारी रिसेट करा, सोमवारी कमाल आकडा वहीत लिहा. महिनाभराच्या त्या वहीनं जितके वाद मिटतात तितके कुठल्याही मीटिंगनं मिटत नाहीत.

बाष्पीभवन आणि वायू

तापमान सुधारूनही पेशी रोडावलेल्या वाटत असतील, विशेषतः ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये कडेच्या खळग्यांत, तर पाण्याकडे वळा. आपला उन्हाळा कोरडा आहे. दुपारची आर्द्रता कित्येकदा २० टक्क्यांच्या खाली असते. दर वेळी दार उघडलं की आतली दमट हवा जाते आणि ही कोरडी हवा शिरते. आतली हवा दमट राहावी म्हणून तळाशी ठेवलेल्या ट्रेमधलं पाणी जानेवारीत जेवढे दिवस पुरतं तेवढे मे मध्ये पुरत नाही. ट्रे कोरडा पडला की पाणी फ्लास्कांतून आणि प्लेटमधून उडायला लागतं.

सस्तन प्राण्यांच्या पेशींना मीडियमची ऑस्मोलॅलिटी (विरघळलेल्या पदार्थांची तीव्रता) साधारण २६० ते ३२० मिलिऑस्मोल या टप्प्यात लागते. २९० वर असलेल्या मीडियममधून दहा टक्के पाणी उडालं तर आकडा ३२० च्या पुढे जातो. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये एका खळग्यात १०० मायक्रोलिटर असतं. त्यातले फक्त १० उडायचा अवकाश. म्हणून कडेच्या खळग्यांत पेशी न घालता नुसतं निर्जंतुक बफर भरा, आणि ट्रे रोज पाहा. त्यात निर्जंतुक डिस्टिल्ड पाणीच घाला. नळाचं पाणी नको, क्लोरिन आणि क्षार दोन्ही त्रास देतात; अल्कोहोल किंवा ब्लीचचा थेंबही नको, वाफा थेट पेशींपर्यंत जातात.

ट्रे कोरडा पडल्याचा आणखी एक परिणाम होतो. जुन्या यंत्रांत कार्बन डायऑक्साइड मोजणारा संवेदक वायूची उष्णतावाहकता पाहतो, आणि ती आर्द्रतेनंही बदलते. आर्द्रता पडली की तो चुकीचं वाचतो, पडद्यावर ५ टक्के दिसतात आणि आत वेगळंच असतं. मीडियमचा आम्लतेनुसार बदलणारा रंग खरं सांगतो: सगळेच फ्लास्क जांभळट झाले असतील तर वायू कमी पडतोय. इन्फ्रारेड संवेदकाच्या यंत्रांना हा त्रास नाही.

आणि सिलिंडर. तो सहसा बाहेर व्हरांड्यात असतो. २० अंशांना आत द्रवरूप कार्बन डायऑक्साइड असतो आणि गेज ५७ बारच्या आसपास दाखवतं, द्रव संपेपर्यंत तेवढंच. पण या वायूचं क्रांतिक तापमान ३१ अंश आहे. त्याच्या वर द्रव उरतच नाही, सगळा दाट वायू होतो आणि भरलेल्या सिलिंडरचा दाब ७४ बारच्याही पुढे चढतो. म्हणजे आपल्या व्हरांड्यात मे महिन्यात गेजचा आकडा बघून सिलिंडर किती भरलाय ते कळत नाही, दुपारी एक दिसतं आणि पहाटे दुसरं. वजन करून ठेवणं हाच खात्रीचा उपाय. सिलिंडर सावलीत आणि साखळीनं बांधलेला असू द्या. उन्हात ठेवलेल्या भरल्या सिलिंडरची सुरक्षा चकती फुटू शकते, आणि ते माणसासाठी धोक्याचं आहे.

एसी बंद पडला म्हणून कूलर लावू नका

हे वेगळं सांगतेय, कारण मोह फार होतो. एसी दुरुस्त व्हायला वेळ लागतो, कोणीतरी स्टोअरमधून कूलर आणतं. घरी वाळ्याच्या ताट्यांचा गारवा मलाही आवडतो, पण पेशींच्या खोलीत तो नको. टाकीत साचलेलं पाणी, ओल्या ताट्या आणि त्यातून जोरात फेकली जाणारी हवा म्हणजे बुरशीचे बीजाणू पसरवण्याची पक्की सोय. शिवाय बायोसेफ्टी कॅबिनेटच्या (निर्जंतुक हवेत काम करायच्या कपाटाच्या, म्हणजेच हूडच्या) तोंडाशी हवा सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर या वेगानं आत जात असते, तोच त्याचा पडदा. कूलरचा झोत तो सहज फाडतो. शेजारच्या व्हरांड्यात कूलर असेल तरी तोच प्रकार: तिथे दाब वाढतो आणि ओली हवा दाराच्या फटीतून आत येते. कूलर लावण्यापेक्षा दोन दिवस काम बंद ठेवलेलं परवडतं.

करायचं काय

पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, पेशींच्या खोलीचा एसी जनरेटरवर घ्या. हे बोलताना "आराम" हा शब्द कागदावर येऊ देऊ नका. पत्रात लिहा की एसी हा इन्क्युबेटरचा भाग आहे, कारण तो खरोखरच आहे. शक्य असेल तर दोन एसी आलटून-पालटून चालणारे, वीज आल्यावर आपोआप सुरू होणारे, आणि नवीन घेताना जास्त बाह्य तापमानाला चालणारं मॉडेल मागा. उणे ८० चा फ्रीझर दुसऱ्या खोलीत हलवता आला तर अर्धा प्रश्न तिथेच सुटतो. इन्क्युबेटर पश्चिमेच्या भिंतीपासून दूर, मागे हवा खेळायला जागा सोडून. खोली २५-२६ वर ठेवायची, आणि वर गेलीच तर २८ च्या पुढे नाही.

इन्क्युबेटरचा अलार्म ३८ वर लावा. आणि तो फोनवर पोचला पाहिजे, बंद खोलीत वाजून काय उपयोग? सिमकार्डवर चालणारे छोटे तापमान-अलार्म बाजारात मिळतात. फोन कोणाला जाणार, आणि तो माणूस वीस मिनिटांत येऊ शकतो का, हे नवतपा (मे अखेरचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस) लागण्याआधी ठरवून ठेवा.

अलार्म वाजला आणि एसी सुरू होत नाही, मग? फ्लास्क बाहेर काढा. नवख्या मुलांना याची भीती वाटते, पेशी ३७ च्या बाहेर कशा ठेवायच्या म्हणून. झाकणं घट्ट बंद करा, फिल्टरची झाकणं असतील तर साधी लावा किंवा पॅराफिल्म गुंडाळा म्हणजे वायू टिकेल, आणि फ्लास्क थर्मोकोलच्या डब्यात घालून जिथे एसी चालू आहे अशा खोलीत न्या. २५ अंशांवर रात्र काढलेल्या पेशी सकाळी थोड्या सुस्त असतात, जिवंत असतात. वाढत्या पेशींचे फ्लास्क मीडियमनं काठोकाठ भरून कुरिअरनं एका गावाहून दुसऱ्या गावाला पाठवतात ते याच जोरावर. इन्क्युबेटरचं दार उघडं टाकून खोलीच्या हवेनं थंड करण्याच्या फंदात मात्र पडू नका, आर्द्रता आणि निर्जंतुकपणा दोन्ही जातात.

साठा होळीच्या आधी गोठवून ठेवा. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रातून पेशी मागवायच्या असतील तर त्याही त्याच सुमारास मागवा, मे मधल्या प्रवासात पार्सल कुठे तापत पडेल याचा भरवसा नाही.

ऊती वाढवणाऱ्यांसाठी

पेशींच्या थरापेक्षा पूर्ण ऊती वाढवणाऱ्यांचं नुकसान कितीतरी मोठं असतं, कारण वेळ. हेला पेशी दिवसाभरात दुप्पट होतात. गेल्या तर आठवड्यात भरून काढता येतात. त्वचेचं तसं नाही. राइनवाल्ड आणि ग्रीन यांनी १९७५ साली माणसाच्या त्वचेच्या केराटिनोसाइट पेशी वाढवण्याची पद्धत बसवली, आणि १९८३ साली अमेरिकेत शरीराचा ९५ टक्क्यांहून जास्त भाग भाजलेल्या दोन लहान भावांना त्यांच्याच त्वचेपासून वाढवलेले थर लावून वाचवण्यात आलं. बोटभर तुकड्यापासून तेवढं क्षेत्र वाढायला तीन-चार आठवडे लागतात. म्हणजे तीन-चार शनिवार-रविवार. त्यातला एक जरी तापला तरी सगळं पहिल्यापासून.

हवा आणि द्रवाच्या सीमेवर वाढवलेल्या त्वचेत तर वरचा पृष्ठभाग उघडाच असतो आणि खाली मीडियमचा पातळ थर. कोरड्या इन्क्युबेटरमध्ये तो आधी आटतो. असं काम एप्रिल ते जूनमध्ये घ्यावंच लागणार असेल तर शनिवार-रविवारी रोज एकदा कोणीतरी येऊन खोलीचा तापमापक, ट्रे आणि मीडियमची पातळी बघून सही करेल, अशी पाळी लावा. मुलांना रविवारी बोलावणं मला आवडत नाही, पण तीन आठवड्यांचं काम गमावून रडणारी मुलं मी पाहिली आहेत.

उष्णतेतून वाचलेल्या पेशी प्रयोगाला वापरू नका. जुना गोठवलेला साठा असेल तर त्या पेशी टाकून द्या आणि साठ्यातून नवीन काढा. नसेलच, तर ३७ वर दोन-तीन पॅसेज वाढू द्या, दुप्पट होण्याचा वेळ पूर्वीइतका झाला का ते मोजा, मगच पुढे जा. आणि त्या आठवड्यातल्या निकालांवर वहीत खूण करा.

हे सगळं करूनही पेशी मरत राहिल्या आणि कोणाला विचारायची वेळ आली, तर "पेशी मेल्या" एवढंच सांगू नका. खोलीचा आणि इन्क्युबेटरच्या आतला शुक्रवार ते सोमवारचा आलेख, कोणकोणत्या पेशींना फटका बसला, कोणत्या शेल्फवर, मीडियमचा रंग, ट्रेमध्ये पाणी होतं का, शेवटचा मायकोप्लाझ्मा तपास कधीचा, आणि जनरेटरवर काय काय जोडलेलं आहे, हे सोबत द्या.